गुण्याबाहेरची खिडकी

लंडनच्या उपनगरांत व्हिक्टोरियन काळातल्या, एकमेकांना चिकटून बांधलेल्या विटांच्या घरांच्या रांगाच्या रांगा आहेत. जेवून उठलेल्या यजमानासारखी ही घरं पोट पुढे काढून रस्त्याकडे बघत असतात. ते पोट म्हणजे बे-विंडो. समोर एक रुंद खिडकी, दोन्ही अंगांना दोन तिरक्या, अरुंद. एकेकाळी या देशात खिडक्यांवर कर होता आणि काचेवरही. काचेवरचा १८४५ साली उठला, खिडक्यांवरचा १८५१ साली, आणि मग कारकुनाच्या घरालाही उजेडाची ही हौस परवडू लागली.

त्या हौसेचा हिशोब आज रोलर ब्लाइंड बसवणाऱ्याला चुकता करावा लागतो. कापडी पडदा भला माणूस. रूळ वाकवला की तोही वळतो. ब्लाइंडची नळी वळत नाही. म्हणजे ब्लाइंड तीन हवेत, आणि तिन्हींनी कोपऱ्यात एकमेकांना धक्का न लावता वर-खाली झालं पाहिजे.

इथे काच मोजून भागत नाही. नळी काचेला चिकटून बसत नाही, चांगली सहा सेंटीमीटर आत असते. या खिडकीचे कोपरे बहुधा १३५ अंशांचे. तिथे काचेपासून जितकं आत यावं तितकी प्रत्येक ब्लाइंडची जागा आखडते. सहा सेंटीमीटर आत आलं की दर कोपऱ्याला अडीच सेंटीमीटर जातात. मधल्या खिडकीला कोपरे दोन, म्हणून तिचे पाच गेले. म्हणून मी खिडकीच्या कट्ट्यावर पुठ्ठा अंथरतो, त्याच्या कडा खिडकीबरहुकूम कापतो, आणि काचेपासून सहा सेंटीमीटरवर तीन समांतर रेघा ओढतो. रेघा जिथे मिळतात तो ब्लाइंडचा खरा कोपरा. तिथेही नळीच्या अन् कापडाच्या जाडीपुरती फट सोडायची.

सांगलीहून आलेली आई टेपचं दुसरं टोक धरून उभी होती. ती म्हणाली, "अरे, खिडकी तिकडं आहे. तू मधेच हवेत काय मोजतोयस?"

हवाच मोजायची असते, हे तिला पुठ्ठा दाखवल्यावर पटलं. मग तीच वर, मध्ये आणि खाली अशी तीन मापं घ्यायला लावू लागली. माहेरी सुतारकाम पाहिलेली बाई, भिंतीवर विश्वास ठेवत नाही. आणि बरोबरच आहे. जुन्या घरांत या पुढे आलेल्या भागाचा पाया पुष्कळदा मूळ घरापेक्षा उथळ असतो. लंडनची चिकणमाती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि घर एकीकडे तर खिडकी दुसरीकडे कलते. ओळंबा सोडला, गुण्या लावला की कळतं, काहीच गुण्यात नाही. तिन्हींतलं सर्वांत लहान माप घ्यायचं, तेही मिलिमीटरमध्ये. शेजारी अजून इंचांत बोलतात, दुकानदार मात्र मिलिमीटरच मागतो.

एका ब्रॅकेटपासून दुसऱ्यापर्यंतचं माप आणि कापडाची रुंदी यांत साधारण तीन सेंटीमीटरचा फरक राहतो, त्यामुळे कोपऱ्यात उजेडाची पट्टी दिसणारच. साखळीच्या बाजूला फट बहुधा जरा जास्त. म्हणून बाजूच्या दोन्ही ब्लाइंडच्या साखळ्या भिंतीकडे ठेवाव्यात. जूनमध्ये पावणेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो, तेव्हा ही काटकसर डोळ्यांना जाणवते. खिडकीची मूठ आत येत असेल तर कापड नळीच्या पुढून सोडवून घ्यावं, नाहीतर रोज अडकेल.

ब्रॅकेटसाठी ड्रिल करताना पात्यावर येणारी भुकटी बघायची. आधी गिलाव्याची पांढरी, मग करडी, आणि नशीब असेल तर एकदम तपकिरी भुसा. भुसा आला की वर जुनी लाकडी तुळई आहे. स्क्रू असा पकडतो की रॉलप्लगची गरज नाही. पात्यानं नुसती किंकाळी फोडली तर वर लोखंड आहे, मुकाट्यानं दुसरी जागा शोधावी. प्लॅस्टिकच्या चौकटीत मात्र कधीच भोक पाडू नये.

सगळ्यात शेवटी साखळी ताणून भिंतीला धरणारी क्लिप बसवायची. लोंबती साखळी लहान मुलाच्या गळ्यात अडकू शकते, म्हणून ही क्लिप ब्लाइंडबरोबरच येते. कित्येक घरांत मात्र ती खोक्यातच राहते. आमच्याकडे अजून रांगतं मूल नाही, पण आईनं स्क्रू पिळून घेतल्याशिवाय मला शिडीवरून खाली उतरू दिलं नाही.