टेकू

ग्रंथालयात कवितांच्या फळीपाशी मी उगाचच रेंगाळतो. ड्यूईच्या वर्गीकरणात मराठी कवितेचा क्रमांक ८९१.४६१. क्रमांक एकच, पण त्याखाली उभी असलेली मंडळी किती तऱ्हेची! क्राउन आकाराचा किडकिडीत पहिलावहिला संग्रह, शेजारी डेमीतली, पुठ्ठाबांधणीची कुणाची तरी समग्र कविता, मधेच हौसेने काढलेली एखादी चौकोनी प्रत. जाडजूड पुस्तक कुणी घरी नेले की बारीक चणीची सगळी एका अंगाला रेलतात. महिनोन्महिने तशीच राहिली की कणा पिळवटतो, आणि पिळवटलेली बांधणी सहसा सरळ होत नाही.

म्हणून टोकाला तो पत्र्याचा काटकोन. विल्यम स्टेबिन्स बार्नार्ड या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने १८७७ साली त्याचे पेटंट घेतले. गंमत म्हणजे हा टेकू स्वतःच्या बळावर उभा नसतोच. त्याची आडवी पट्टी पुस्तकांखाली सारलेली असते. त्यांचाच भार तिला दाबून धरतो, आणि त्या जोरावर हा त्यांना सावरतो. पत्र्याची उभी कड मात्र दुष्ट. घाईत पुस्तक सारले की ती थेट पानांत शिरते, आणि पहिला बळी जातो तो त्या किडकिडीत संग्रहाचाच.

पोथीला ही विवंचना नव्हती. सुटी पाने, वर-खाली लाकडी पाट्या, भोवती बासन. ती जन्मजात आडवी. उभ्या पुस्तकांवर लंडनच्या सॅम्युअल पीप्सने वेगळाच तोडगा काढला. या रोजनिशीकाराने आपली सुमारे ३,००० पुस्तके उंचीनुसार लावली, आणि काही बुटक्यांच्या पायाखाली लाकडी ठोकळे देऊन त्यांना शेजाऱ्यांच्या बरोबरीला आणले! केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात ती आजही आहेत. देखणा प्रकार, पण एकट्या मालकाला परवडणारा. चार लोकांच्या ग्रंथालयात विषय आधी बघायचा. उंचीचा मान राखला तर वाचकाने कवी शोधायचा कुठे? अगदीच मोठ्या पुस्तकांना वेगळी फळी द्यावी, बाकीच्यांची ओबडधोबड रांग मला चालते.

टेकू फार आवळूनही चालत नाही. मग वाचक कण्याच्या वरच्या टोकात बोट अडकवून पुस्तक ओढतो आणि तिथलेच कापड आधी फाटते. पुस्तक मधोमध धरता येईल इतकी सैल, पण कुणी कलंडणार नाही इतकी घट्ट, अशी रांग लावायची. संध्याकाळी परत आलेली पुस्तके जागेवर गेली की ते गणित पुन्हा पहिल्यापासून.