आधी पाटी

शिरूरहून निघताना भाचीची इंग्रजीच्या सराव पेपरची उत्तरपत्रिका पाहिली. ‘एनी टू’ छापलेलं असताना तिनं चारही उत्तरं लिहिली होती, सुरेख अक्षरात. पत्रलेखन राहूनच गेलं. दहावीला प्रश्न वाचायला आधी १० मिनिटं मिळायची. २०२३पासून ती शेवटी मिळतात.

आता दौंडच्या फलाटावर उभा आहे. इथून एक रूळ सोलापूरकडे जातो, दुसरा मनमाडकडे. आई सांगायची, आधी पाटी वाच, मग पाय ठेव. मग कागदापुढेच एवढी घाई का होते? भीतीच असावी. परक्या भाषेत ओळखीचा एक शब्द दिसला की जीव त्यालाच बिलगतो. माणसांनाही मी कितीदा असंच अर्धं वाचलं.

गाडी येतेय. पाटी अजून दिसत नाही.