बाटली कापण्याआधी

दिल्लीत बाटल्या कापायचा हंगाम दिवाळी ते होळी. उन्हाळ्यात या उद्योगाला बसू नये, कारण यातली सगळी करामत पाण्याची आहे. बाटलीभोवती कटरच्या चाकाने एक बारीक ओरखडा काढायचा, त्यावर उकळीला आलेलं पाणी सोडायचं आणि लगेच गार पाणी. बाहेरची काच झटकन आक्रसते, आतली अजून गरमच असते. हा ताण नेमका ओरखड्याची कमकुवत जागा शोधतो. जानेवारीत मयूर विहारच्या नळाचं पाणी बोटं बधिर करतं, तेव्हा दोन-तीन फेऱ्यांत 'टक्' असा आवाज येतो आणि बाटलीचे दोन भाग सरळ हातात येतात. जूनमध्ये गच्चीवरच्या टाकीतून जे येतं, त्याला गार म्हणणं धाडसाचं. मग बादलीत बर्फ ओता, आणि एवढं करून चीर भलतीकडेच धावते.

चाक जिथून निघालं तिथेच येऊन मिळायला हवं आणि एकदा काढलेल्या रेघेवरून ते परत फिरवायचं नाही. थिनरमध्ये भिजवलेला दोरा गुंडाळून पेटवायचा प्रकार अनेकांना आवडतो. मला नाही. फ्लॅटच्या बाल्कनीत जाळ कशाला, आणि दोऱ्याची ऊब पसरट असल्यामुळे काठही वेडावाकडा निघतो.

कापणं मिनिटांचं, घासणं मात्र तासाचं. जाड सपाट काचेवर थोडं पाणी, त्यात सिलिकॉन कार्बाइडची पूड, आणि त्यावर बाटलीचा काठ गोलगोल फिरवत राहायचं. आधी खरखर ऐकू येते. उंचवटे झिजले की आवाज एकसारखा होतो, मग पुढची बारीक पूड. त्यानंतर वॉटर पेपर: 220, 400, 600. आतली आणि बाहेरची कडही मारून घ्यायची, ते बहुतेक जण विसरतात. सगळं ओलंच हवं. काचेची कोरडी धूळ छातीत जाता कामा नये. काठ झाला की नाही हे बोटाने बघू नये, कापसाचा बोळा फिरवावा. एक जरी तंतू अडकला तरी पुन्हा बसायचं. असा पेला सरबताला उत्तम; चहाला मुळीच नाही. ज्या गुणामुळे ही काच कापली गेली, त्याच गुणामुळे ती उकळत्या चहाने तडकेल.

पण कटर हातात घेण्याआधी एक प्रश्न असतो, आणि माझ्या मते कसब तिथेच आहे: ही बाटली कापावी का? आमच्याकडचा कबाडी खंबा, अद्धा, पव्वा वेगवेगळे लावतो, कारण धड बाटलीला नगावर पैसे आणि फुटलेलीला किलोवर, तेही नावापुरते. बिअरची 650 मिलिलिटरची बाटली गोळा होऊन, धुतली जाऊन पुन्हा भरायला जाते, एकदा नव्हे, अनेकदा. तिला कापून मेणबत्तीचं घर करणं म्हणजे दुभती गाय विकून तिच्या गळ्यातली घंटा दारात टांगणं. जुन्या दिल्लीतल्या हमदर्दचं रूह अफजा 1907 पासूनचं. त्याची काचेची बाटली रिकामी झाली की घरोघरी फ्रिजमध्ये पाण्याला लागायची. आपल्याकडे महाराष्ट्रात स्क्वॉशच्या बाटल्यांचं तेच. बाटलीचा सर्वात चांगला उपयोग बाटली म्हणूनच, हे त्या घरांतल्या गृहिणींना कोणी शिकवलं नव्हतं.

मग कापायचं काय? तोंडाला टवका गेलेल्या, ऑलिव्ह तेलाच्या, आयात वाइनच्या, ज्यांना परत कोणी भरत नाही अशा. परदेशी व्हिस्कीच्या बाटल्या तर जरूर कापाव्यात. धड विकल्या तर त्या बनावट दारू भरणाऱ्यांच्या हाती लागू शकतात. कापल्या की तो रस्ता बंद. आणि ओल्ड मंक. ही रम 1954 सालची, मोहन मीकिनची, म्हणजे मेट्रोने जाता येईल इतक्या जवळच्या, गाझियाबादच्या मोहननगरची. तिची ठेंगणी, खडबडीत काचेची बाटली मी कापत नाही. तळाजवळ हिऱ्याच्या कणांच्या बिटने, पाण्याखाली, दाब न देता भोक पाडते आणि वायर ओवून दिवा करते. आत एलईडीच, तापणारा बल्ब काचेला सोसत नाही. त्या खडबडीत काचेतून भिंतीवर जी नक्षी उमटते, ती दुकानातल्या महागड्या दिव्याला जमलेली मी पाहिलेली नाही. बाटलीत नुसती चिनी लाइटची माळ कोंबून ठेवणं मात्र मला वस्तू वाटत नाही. दोन महिन्यांनी ती धूळ खाते.

फुटक्या काचेलाही जागा आहे. उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादच्या काचभट्ट्यांतला कोळसा ताजमहालाला धुराचा त्रास नको म्हणून 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गेला आणि गॅस आला. तिथेही कच्च्या मालात भंगार काच मिसळली की वितळवायला उष्णता कमी लागते, म्हणून ती हवी असते. या मुलखाचं आणि आपलं काचेचं नातं जुनं आहे: अलीगढकडचे ईश्वरदास वार्ष्णेय जपानात काचकाम शिकून आले आणि 1908 साली लोकांच्या एकेका पैशातून निघालेल्या तळेगावच्या पैसा फंड कारखान्यात त्यांनी भट्टी पेटवली.

घरी करून बघणाऱ्यांना एवढीच विनंती. कापून उरलेल्या माना आणि तुकडे ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. इथला कचरा गाझीपूरच्या डोंगरावर जातो आणि तिथे तो माणसं हातांनी निवडतात. तुकडे जुन्या वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा, खोक्यात घालून चिकटपट्टी लावा, वर ठळक 'काँच' असं लिहा आणि कबाडीच्या हातात द्या.