मुंबईत उतरायचे कुठे?

गावोगावच्या व्यापारी घरांत मुंबईला जाण्याचे ठरले, की गाडी कोणती, परतायचे केव्हा आणि बाजारातून काय आणायचे, यांची सविस्तर चर्चा होते. उतरायचे कुठे, याची चर्चा सहसा होत नाही. आजोबा जिथे उतरत, तिथे वडील उतरले आणि तिथेच मुलगाही उतरतो. एकट्या पुरुषाला खरेदीसाठी दोन दिवसांची फेरी करावयाची असेल, तर ही प्रथा पुरेशी आहे. बरोबर पत्नी, वृद्ध आई आणि दोन लहान मुले असतील, तर मात्र मुक्कामाची जागा हाच प्रवासातील सर्वांत मोठा निर्णय ठरतो. तो चुकला, तर मुले आजारी पडतात, मोठी माणसे एकमेकांवर चिडतात आणि हौसेने काढलेली सहल रस्त्यातच संपते.

आजोबांच्या पिढीची निवड त्यांच्या काळी अगदी योग्य होती. मुंबईतील घाऊक व्यापार तेव्हा बंदर आणि बोरीबंदर स्थानकाच्या आसपास एकवटलेला होता. कापडासाठी मूळजी जेठा मार्केट आणि मंगलदास मार्केट, सोन्या-चांदीसाठी झवेरी बाजार, विजेच्या सामानासाठी लोहार चाळ, धान्य-मसाल्यासाठी मशीद बंदर. ही सारी ठिकाणे पायी फिरण्याजोगी. देवदर्शनाची सोयही त्याच परिसरात होती. पायधुणीचे गोडीजी पार्श्वनाथाचे देरासर १८१२ सालचे. गुलालवाडीचे दिगंबर मंदिरही तेथून जवळच. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांनी वडिलांच्या स्मरणार्थ हिराबाग धर्मशाळा सी. पी. टँकला उभारली, ती याच गणिताने. ‘टँक’ म्हणजे कावसजी पटेल तलाव. तलाव केव्हाच बुजला, नाव तेवढे राहिले. पेढी, मंदिर, भोजन आणि निवारा हे चारही एका हाकेच्या अंतरावर असावेत, हा त्या व्यवस्थेमागील विचार होता.

पुढे बाजार हलले. धान्य आणि मसाल्याच्या घाऊक व्यापाराचा मोठा भाग वाशीच्या बाजार समितीत गेला. लोखंडाचा बाजार कळंबोलीला गेला. कापडाची गोदामे भिवंडीकडे सरकली. ऑपेरा हाउसच्या इमारतींत चालणारा हिऱ्यांचा व्यापार २०१० साली वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्समध्ये स्थिरावला. तरीही या व्यापारांतील कित्येक कुटुंबे केवळ सवयीने भुलेश्वरलाच उतरतात. सवय वाईट असते असे नाही; पण तिचा हिशेब दर पिढीत एकदा तरी पुन्हा मांडावा लागतो. मुले बरोबर असतील, तर तो हिशेब मुलांच्या दिवसाप्रमाणे मांडावा लागतो.

लहान मुलाच्या दिवसात तीन गोष्टी अढळ असतात. दुपारची झोप, वेळेवर जेवण आणि हवे तेव्हा स्वच्छ शौचालय. या तिन्हींपासून अर्ध्या तासाहून अधिक दूर गेले, की मूल रडू लागते. म्हणून मुक्काम असा असावा, की सकाळी बाहेर पडलेल्या आईला बाराच्या सुमारास मुलांसह खोलीवर परतता यावे आणि चारनंतर पुन्हा निघता यावे. मोठ्या शहरात मुलांबरोबर दिवसाचे दोन भाग करावेच लागतात. खोली दूर असेल, तर मधला विसावा नाहीसा होतो आणि संध्याकाळी झोपलेले मूल खांद्यावर टाकून गर्दीतून वाट काढावी लागते.

समजा, बार्शीच्या एका धान्य व्यापाऱ्याचे कुटुंब तीन रात्रींसाठी मुंबईला निघाले आहे. त्याचे एका दिवसाचे काम वाशीला आहे. सहा वर्षांच्या मुलीला राणीच्या बागेतील पेंग्विन पाहायचे आहेत, अडीच वर्षांच्या मुलाला समुद्र दाखवायचा आहे आणि आजीला दर्शन घ्यायचे आहे. वाशीचे काम आहे म्हणून वाशीतच उतरावे, असा पहिला विचार मनात येतो. खोलीही तिथे मोठी मिळते. परंतु मुलांची सारी ठिकाणे मूळ मुंबई बेटावर आहेत. राणीची बाग भायखळ्याला, नेहरू विज्ञान केंद्र आणि तारांगण वरळीला, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय काळाघोड्याजवळ, चौपाटी गिरगावला. वाशीला उतरल्यास काम करणारा एक माणूस सुखी होतो आणि उरलेले चौघे रोज खाडी ओलांडतात. अंतर तोडायचेच असेल, तर ते मोठ्याने तोडावे, हा येथे साधा नियम आहे. व्यापारी एकटा हार्बर मार्गाच्या लोकलने वाशीला जाऊन येऊ शकतो. अडीच वर्षांच्या मुलाकडून ती अपेक्षा करता येत नाही.

लोकल गाड्यांची गर्दी हाही मुक्काम ठरवण्याचा एक निकष आहे. सकाळी गर्दीचा लोंढा उपनगरांतून दक्षिणेकडे येतो आणि संध्याकाळी दक्षिणेकडून उत्तरेकडे परततो. बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरला उतरलेल्या कुटुंबाला मुलांसह सकाळी याच लोंढ्यातून चर्चगेट किंवा मुख्य टर्मिनसकडे यावे लागते. दक्षिणेत उतरलेल्या कुटुंबाला बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान पाहायचे असेल, तर ते सकाळी उलट दिशेच्या, तुलनेने मोकळ्या गाडीने जाते आणि तशाच गाडीने परतते. पाच वर्षांखालील मुलांना लोकलचे तिकीट लागत नाही, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे लागते. त्यामुळे प्रश्न पैशांचा नसतो, डब्यात पाय ठेवायला जागा मिळण्याचा असतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण झाल्यावर जुन्या परिसराचे मोल पुन्हा वाढले आहे. साडेतेहतीस किलोमीटरच्या या मार्गावर सत्तावीस स्थानके आहेत. काळबादेवी आणि गिरगाव ही त्यांपैकीच, तसेच सायन्स सेंटर, सिद्धिविनायक, दादर आणि विमानतळही. स्थानकांत उद्वाहक आहेत, डबे वातानुकूलित आहेत. कडेवर मूल आणि हाती पिशवी असलेल्या आईला हा मोठा दिलासा आहे. रिक्षावर मात्र विसंबू नये. माहीम आणि शीवच्या दक्षिणेस रिक्षा चालत नाहीत. तिथे टॅक्सी घ्यावी लागते आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीत उतारूंची मर्यादा चारांची असते.

एवढे ध्यानात घेतल्यास बार्शीच्या त्या कुटुंबासमोर दोन परिसर उरतात. पहिला सी. पी. टँक-भुलेश्वरचा. मंदिर जवळ, सात्त्विक भोजन जवळ, चौपाटी थोड्याच अंतरावर. उणीव ही, की गल्ल्या अरुंद आहेत, हातगाड्यांची वर्दळ दिवसभर असते, जुन्या इमारतींतील काही ठिकाणी उद्वाहक नसतो आणि मुलांना मोकळे धावायला जागा नाही. दुसरा परिसर दादर-माटुंग्याचा. मध्य आणि पश्चिम हे दोन्ही रेल्वेमार्ग दादरला एकत्र येतात, बाहेरगावच्या अनेक गाड्या तिथे थांबतात, शिवाजी पार्कचे मैदान आहे आणि जैन वस्ती असल्याने देरासरे व भोजनाची सोयही मिळते. भाडे मात्र सहसा अधिक असते. आजीचे गुडघे दुखत असतील आणि मुले मैदानाची ओढ असलेली असतील, तर दादर. आजीला पहाटेची पूजा चुकवायची नसेल आणि घरात कापड-दागिन्यांची खरेदी असेल, तर जुना परिसरच बरा. दोन्ही उत्तरे बरोबर असू शकतात. आपल्या घराला कोणते लागू पडते, हे आपणच ठरवायचे.

चौविहार पाळणाऱ्या घरांना आणखी एक घड्याळ सांभाळावे लागते. मुंबईत दिवाळीच्या सुट्टीत सूर्य सहा-सव्वासहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्यात सातच्या आसपास. दिवाळीत गेलेल्या कुटुंबाला संध्याकाळचे जेवण साडेपाचच्या आत उरकावे लागते. अर्थात पाचला मुक्कामाच्या परिसरात असावे लागते. ज्यांचा मुक्काम दूर असतो, त्यांच्या घरी या वेळी हटकून वाद होतो. मुले समुद्रावरून निघायला तयार नसतात आणि आजी घड्याळाकडे पाहत असते. चौपाटीपासून दहा-पंधरा मिनिटांत भोजनशाळा गाठता येत असेल, तर त्या वादाला जागाच उरत नाही. जेवून झाल्यावर मुलांना पुन्हा वाळूत नेता येते. आजीचा नियमही राहतो आणि मुलांची हौसही.

नातेवाइकांचे घर हा तिसरा पर्याय अनेकांच्या मनात असतो. मुंबईतील आत्याचे किंवा मामाचे आमंत्रण मनापासूनचे असते, यात शंका नाही. तथापि दोन खोल्यांच्या घरात पाच पाहुणे आले, की सकाळी स्नानगृहापुढे रांग लागते, यजमानांच्या मुलांचा अभ्यास बुडतो आणि घरातील सुनेवर दहा माणसांचा स्वयंपाक पडतो. मुक्काम बाहेर करावा आणि एका दुपारी जेवायला जावे. जाताना फळे, मिठाई न्यावी. त्याने आपुलकी उणावत नाही, उलट पुढच्या भेटीची गोडी टिकते.

सगळ्याच कुटुंबांचा मुंबई प्रवास हौसेचा नसतो. परळला १९२९ पासून बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय आहे आणि १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय. राज्यभरातून मुलांना घेऊन आई-वडील तिथे येतात. अशा वेळी मुक्कामाचा विचार अधिक कठोरपणे करावा लागतो. तपासण्या किती दिवस चालतील हे आधी सांगता येत नाही. उपचार चालू असलेल्या मुलाला संसर्गापासून जपण्यास डॉक्टर सांगतात. त्यामुळे माणसांनी भरलेले घर किंवा मोठी सामायिक खोली टाळावी लागते. परळ, दादर, माटुंगा या टप्प्यातच जागा शोधावी, म्हणजे रात्री ताप चढल्यास टॅक्सीने लवकर रुग्णालय गाठता येते. दादरची संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे पहिल्याच दिवशी चौकशी केल्यास इतर ठिकाणेही कळतात. घरापासून दूर आजारी मूल सांभाळणाऱ्या आईला शांत खोली मिळणे, ही चैन नव्हे. तो उपचाराचाच भाग आहे.

जागा ठरवण्यापूर्वी दूरध्वनीवरून काही प्रश्न अवश्य विचारावेत. दिवस चोवीस तासांचा धरतात की दुपारी बारापासून मोजतात? रात्रीच्या गाडीने निघालेले कुटुंब सकाळी सहा-सातला पोहोचते. बारापर्यंत खोली मिळणार नसेल, तर झोपाळलेल्या मुलांना घेऊन बसायचे कुठे? खोली कितव्या मजल्यावर, उद्वाहक रात्री चालतो का? गरम पाणी दिवसभर की ठराविक वेळी? प्यायला उकळलेले पाणी मिळते का? मुलांच्या गादीचे वेगळे पैसे पडतात का? भोजनशाळेची वेळ काय? समाजाच्या पत्राची आवश्यकता आहे का, ओळखपत्रे कोणाकोणाची लागतात? तसेच पाहण्याची ठिकाणे कोणत्या वारी बंद असतात, तेही निघण्यापूर्वी पाहून ठेवावे. राणीची बाग बुधवारी बंद असते, तारांगण आणि बोरिवलीचे उद्यान सोमवारी.

राहिला खर्च. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर पाच टक्के जीएसटी आहे. धार्मिक स्थळाच्या आवारात नोंदणीकृत धर्मादाय न्यासाने चालवलेली, दिवसाला १,००० रुपयांहून कमी भाड्याची खोली करमुक्त आहे. पण भाड्याच्या आकड्याशी हिशेब थांबत नाही. समजा, सोयीच्या परिसरातील खोली दिवसाला ८०० रुपयांनी महाग पडली. तीन दिवसांचे २,४०० झाले. दुरून रोज टॅक्सीने ये-जा केल्यास यातील मोठी रक्कम टॅक्सीतच जाते. शिवाय थकलेल्या मुलांमुळे एखादा दिवस खोलीतच काढावा लागला, तर त्या दिवसाचे भाडे, जेवण आणि गावाकडे बंद ठेवलेले दुकान, हे सारे खर्चाच्या बाजूला लिहावे लागते. स्वस्त खोली शेवटी महाग पडते, ती अशी. धर्मशाळेत उतरणाऱ्यांनी भाड्यात वाचलेल्या रकमेतील काही वाटा निघताना दानपेटीत टाकावा. पुढच्या कुटुंबासाठी ती खोली त्यावरच टिकून असते.

निघण्याच्या आदल्या रात्री एक छोटे काम करावे. मुक्कामाचे नाव, रस्ता आणि वडिलांचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून प्रत्येक मुलाच्या खिशात एकेक चिठ्ठी ठेवावी आणि एक आजीच्या बटव्यात. भुलेश्वरच्या गर्दीत किंवा दादरच्या पुलावर हात सुटला, तर ती चिठ्ठी वाचून कोणीही त्या मुलाला मुक्कामी पोहोचवू शकेल.