कपिलधारची पंगत

बीडच्या दक्षिणेस, मांजरसुंब्याजवळ बालाघाटच्या कपारीत कपिलधारचा धबधबा कोसळतो. तेथेच वीरशैव संत मन्मथस्वामींची समाधी आहे. कार्तिकी पौर्णिमेस येथे यात्रा भरते. चातुर्मासानंतर शत्रुंजयाची यात्राही त्याच दिवशी पुन्हा सुरू होते.

निष्ठावान लिंगायत भाविक इष्टलिंगपूजेनंतरच भोजन करतो. रात्रिभोजनत्यागी जैन पाहुण्याचे लक्ष मावळत्या सूर्याकडे असते. मोबाइलवर गावाचे नाव आणि ‘सूर्यास्त’ हा शब्द लिहिला, की नेमकी वेळ दिसते. पाहुण्याचा नियम मात्र यजमानाने आदराने विचारूनच जाणावा.

एकाच्या अष्टावरणांत प्रसादाला स्थान आहे. दुसरा थाळी धुऊन ते पाणीही पितो. रीती दोन, पण अन्नाचा कण वाया न घालवण्याचा संस्कार एकच.