नजर आणि नेम

‘स्वस्त’ आणि ‘टिकाऊ’ हे दोन शब्द एकाच वाक्यात आले की दुकानदाराला हसू येते आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना हुरूप चढतो. छत्री घ्या, चपला घ्या, नाहीतर लेकीच्या लग्नातली भांडी घ्या. आपली सारी मध्यमवर्गीय हयात हे दोन बैल एका गाडीला जुंपण्यात जाते. गेल्या वर्षी भातकापणीच्या सुमारास माझ्या पुतण्याने असेच दोन बैल माझ्या ओटीवर आणून बांधले.

“काका, तू भिंगातला मानूस. बंदुकीवर बसवायला दुर्बीन पायजे. स्वस्त नि टिकाऊ कंची, ती सांग.”

मी भिंगातला माणूस खरा. तीस वर्षे एका शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होतो. भिंगे पुसून कपाटात लावणे आणि मुलांनी फोडली की नोंदवहीत टिपणे, एवढीच माझी विद्या. पण चिरनेरात कुणाच्या चष्म्याची दांडी जरी निखळली तरी तो माझ्याकडे येतो.

बंदूक म्हणजे काही वाघ मारायची रायफल नव्हे. ०.१७७ इंच बोराची, छऱ्याची, हवेच्या जोरावर चालणारी. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे कमी ताकदीच्या अशा बंदुकीला परवाना लागत नाही. पोराला नेमबाजीचा नाद लागला होता. पनवेल जवळ, अथेन्सच्या २००४ च्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठणाऱ्या सुमा शिरूर यांनी तिथे नेमबाजी शिकवणारा क्लब काढलेला, तेव्हा ही हवा आमच्या गावापर्यंत येणारच. मी त्याला आधीच सांगून ठेवले की स्पर्धेतल्या दहा मीटरच्या हवाई रायफलीवर दुर्बीण चालत नाही. तिथे बारीक भोकातून पाहूनच नेम धरायचा. तो म्हणाला, “स्पर्धेचं पुढं बघू. आता परसात डबे पाडायचे हायत.”

डबे पाडायचे तर ठीक. आम्ही दोघे दुर्बिणीच्या शोधाला लागलो.

वाचकहो, तुम्हांला बंदूक घ्यायची नसली तरी भिंगाचे हे गणित ऐकून ठेवा. कुठल्याही दुर्बिणीला ते लागू पडते. दुर्बिणीवर ‘४×३२’ असे आकडे असतात. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते. दुसरा, पुढच्या भिंगाचा व्यास किती मिलिमीटर. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. इथे ती आठ मिलिमीटर. तरण्या माणसाची बाहुली अंधारात सातेक मिलिमीटर उघडते, माझ्यासारख्या म्हाताऱ्याची पाचेक. म्हणजे चार पटीची साधी दुर्बीणसुद्धा संध्याकाळच्या उजेडात आपल्याला मागू त्याहून जास्त देते. उलट ‘चोवीस पट’ अशी जाहिरात करणारी दुर्बीण वस्तूबरोबर आपल्या हाताचा कंपही चोवीस पट करून दाखवते, आणि प्रकाश मात्र देवळातल्या तीर्थासारखा थेंबभर देते. शिवाय पट बदलणाऱ्या दुर्बिणीत आतले हलते भाग वाढतात. कमी पैशात हलते भाग जितके कमी तितके बरे, हा नियम घड्याळापासून संसारापर्यंत खरा आहे.

दुसरी गोष्ट अधिक गमतीची. मोठ्या रायफलीचा धक्का भयंकर असतो, पण तो मुख्यतः एकाच दिशेचा, मागे. स्प्रिंगच्या हवाई बंदुकीत मात्र आतला दट्टा पुढे झेपावतो तेव्हा बंदूक आधी मागे सरकते, आणि दट्टा नळकांड्याच्या टोकाशी येऊन थबकला की पुढे हिसका खाते. या उलटसुलट हिसक्याने भल्याभल्या दुर्बिणींच्या आतली फुली ढिली होते. म्हणून वाघाच्या बंदुकीवर टिकलेली दुर्बीण पोराच्या छऱ्याच्या बंदुकीवर मरू शकते. घेताना ‘स्प्रिंगच्या हवाई बंदुकीसाठी’ असे स्पष्ट लिहिलेली घ्यावी. आणि ती धरून ठेवणाऱ्या कड्यांत कंजुषी करू नये. कडी सरकली की उत्तम भिंगही खोटे बोलते.

तिसरी गोष्ट पराशयाची. वाण्याच्या तराजूचा काटा बाजूने पाहिला तर पावशेराचे सव्वा पावशेर दिसते, तसेच दुर्बिणीत डोळा जरा हलला की फुली निशाणावरून सरकलेली दिसते. बऱ्याच बंदुकी दुर्बिणी शंभर यार्डांसाठी जुळवलेल्या असतात. आमचे परस वीस पावलांचे. तेव्हा जवळच्या अंतरावर जुळवता येणारे पुढचे भिंग हवे.

आणि टिकाऊपणाची परीक्षा? ती दुकानात होत नाही. मागे मातीचा बांध ठेवून कागदावर छरे मारावेत. मग वरची कळ वीस खटके वर, बाजूची वीस खटके उजवीकडे, पुन्हा वीस खाली, वीस डावीकडे, असे करीत प्रत्येक वेळी नेम त्याच टिंबावर धरून मारावे. छऱ्यांचा चौकोन उमटला आणि शेवटचा छरा पहिल्याच्या शेजारी गेला, तर दुर्बीण सच्ची. आमच्या पहिल्या दुर्बिणीचा चौकोन म्हशीच्या शिंगासारखा वळला. ती परत गेली. दुसरी, ४×३२ चीच, दोन-तीन हजारांतली, कागदावर बऱ्यापैकी सरळ चौकोन काढती झाली. पुतण्या खूश, मी खूश, आणि घरातले रिकामे डबे चाळणी झाले.

इथवर सारे सुखाचे. पण भात पिवळे पडले आणि डोंगराकडून रानडुकरे उतरू लागली. एका रात्रीत अर्धे खाचर नांगरल्यासारखे झाले. पुतण्याच्या मनात काय आले ते त्याने बोलण्याआधीच मला कळले.

मी त्याला कायदा सांगितला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. त्यात जखमी करणेसुद्धा शिकारच धरले आहे. १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीचे परवानेही संपले. पिकाची नासाडी करणाऱ्या डुकरासाठी वेगळी वाट आहे, पण ती अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीतून जाते, पोराच्या मर्जीतून नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी अर्ध्या ग्रॅमचा छरा डुकराला लागून होणार काय? ते चिडेल, नाहीतर कुठे तरी झुडपात कुजत मरेल.

“मारत नाय मी,” तो म्हणाला, “नुसता दुर्बिनीतनं बघतो.”

त्या संध्याकाळी आम्ही बांधावर होतो. दिवस मावळला होता. ओढ्याच्या कडेला लव्हाळ्यात काहीतरी काळे, वाकलेले हलले. त्याने बंदूक खांद्याला लावली, बघायलाच. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून नळी खाली करायला लावली आणि माझी जुनी, हातातली दुर्बीण त्याच्या हाती दिली. तो पाहत राहिला. मग दुर्बीण खाली घेऊन काही न बोलता बंदुकीतला छरा काढू लागला. लव्हाळ्यात वाडीवरची एक म्हातारी मुठे धरीत होती. तिला आमचा पत्ताही नव्हता.

बंदुकीवरच्या दुर्बिणीची गोम ही आहे. तिच्यातून पाहायचे म्हणजे आधी नेम धरायचा आणि मग ‘कोण ते?’ म्हणून विचारायचे. भिंग कितीही सच्चे असो, नळी त्याच्याबरोबरच वळते. म्हणून खरा जाणता शिकारी आधी हातातल्या दुर्बिणीने पाहतो.

आमच्या गावाला हे वेगळे शिकवायला नको. २५ सप्टेंबर १९३० रोजी याच अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रहासाठी जमलेल्या लोकांवर गोळ्या चालल्या. गाव तेव्हा पनवेल तालुक्यात मोडत होते, आज उरणमध्ये आहे. आठ गावकरी पडले. त्यांत नाग्या महादू कातकरी होता. सरकारचेच मामलेदार जोशी, तेही त्या दिवशी गोळीने गेले. समोर कोण आहे हे न पाहता चाललेल्या गोळीला आपला-परका कळत नाही, हे आमच्या हुतात्मा स्तंभाशेजारून शाळेत जाणारे पोरही जाणते.

आणि योगायोग पाहा. त्याच १९३० च्या पावसाळ्यात, याच कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळच्या किहीमला सालिम अली सुगरणीच्या घरट्यांपुढे तासन्‌तास बसून होते. नर अर्धवट घरटी विणतो, माद्या येऊन ती पारखतात, पसंत पडले तर राहतात, आणि नर पुढचे घरटे विणायला घेतो, हे त्यांनी तिथे बसून उलगडले. याच सालिम अलींनी लहानपणी हवाई बंदुकीने पिवळ्या गळ्याची चिमणी पाडली होती; ती कोणती हे विचारायला ते मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेले आणि आयुष्याची वाट बदलली. पुढे अभ्यासाच्या संग्रहासाठी त्यांनी पक्षी मारलेही. पण सुगरणीचे घर कळले ते बसून पाहण्याने.

मी पुतण्याला एवढेच म्हटले, “उरलेल्या पैशांत हातातली दुर्बीण घेऊ.” आठ पट, बेचाळीस मिलिमीटर. घेताना ती उजेडाकडे धरून हातभर लांबून मागच्या भिंगातले प्रकाशाचे ठिपके पाहिले. ते गोल हवेत, कडा कापलेले नकोत. मग दूरच्या विजेच्या तारेकडे पाहिले. एकच तार दिसली, डोळा ओढला नाही. माझ्या चष्म्यासह पुरे चित्र दिसते का, तेही तपासले. दहा हजारांच्या आत काम झाले.

त्यानंतर आठ रात्री पोरगा माळ्यावर बसला. चांदणे होते. डुकरे कुठून येतात, किती येतात, हे त्याने वहीत लिहून ठेवले. सगळी एकाच जागेतून शिरत होती, ओढ्याकडच्या कुंपणाच्या भगदाडातून. आम्ही ते बोरीच्या काट्यांनी बुजवले, माळ्यावर पत्र्याचा डबा टांगला, आणि झालेल्या नुकसानीचा अर्ज वनखात्याकडे दिला. डुकरे पुढेही आली. पण वाकडी वाट करून, दोन-तीनदाच, आणि डबा वाजला की पळाली.

भात घरात आले. दिवाळीत आमची आये ओटीवर बसून ती दुर्बीण डोळ्यांना लावते आणि महागणपतीच्या देवळाचा कळस आपल्या दारात आला म्हणून हात जोडू पाहते. हात जोडायला दुर्बीण खाली ठेवावी लागते आणि ठेवली की कळस लांब जातो, एवढीच तिची त्या वस्तूबद्दल तक्रार आहे.