आजी आणि 'ळ'

आजोबा गेल्यानंतर आमची आजी ब्रह्मपुरी तालुक्यातले घर बंद करून ऊर्जानगरला आली. सोबत लाखोळीच्या डाळीची एक थैली होती आणि वाळलेल्या मोहफुलांची दुसरी. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. त्यानंतर काही वर्षांनी वडील तिथे नोकरीला लागले होते. वसाहतीत महाराष्ट्राच्या साऱ्या भागांतली माणसे राहत. त्यामुळे घराबाहेर आम्ही तिघे भावंडे पुस्तकातली मराठी बोलत असू, आणि त्याचा आम्हांस थोडा गर्वही होता.

आजी झाडीबोली बोले. त्या बोलीत 'ळ'चा 'र' होतो आणि 'ण'चा 'न'. डोळा म्हणजे डोरा, काळा म्हणजे कारा. पहाटे उठून ती विचारी, "नराले पानी आलं का?" आम्ही हसून लोळत असू. केळी मागितली तर 'केर' हवा म्हणते, असे शेजाऱ्यांना सांगत असू. पुढे तर आम्ही तिची शिकवणीच सुरू केली. 'नळ म्हण, आजी.' ती जीभ वळवून पाही, स्वतःही हसे. पाहुणे आले की मात्र ती आतल्या खोलीत जाऊन बसू लागली. ती दमली असेल, असे आम्ही समजलो. (मुले किती सोयीचे समजतात!)

महाविद्यालयात बहिणाबाई अभ्यासाला आल्या. त्यांची गाणी सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने उतरवून ठेवली होती, म्हणून १९५२ मध्ये, बहिणाबाईंच्या निधनानंतर, ती पुस्तकरूपाने आली. त्या बोलीतील गोडव्यावर आम्ही उत्तरपत्रिकेत पानेच्या पाने लिहिली, गुणही मिळवले. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांचे झाडीबोलीविषयीचे लेखन त्याही नंतर हाती पडले. आम्ही ज्याला चूक म्हणत होतो, तो त्या बोलीचा नियम होता. रोवणीच्या वेळची आजीची गाणी आम्ही लिहून घेतली नव्हती. तिच्या तोंडचे चाळीसेक शब्द तेवढे आमच्या वहीत आहेत. त्यांतल्या काहींच्या अर्थावर अजून आमचे एकमत नाही.

शेवटच्या आजारात आम्ही आळीपाळीने तिच्या उशाशी बसत असू. आई जवळ असली की ती "पानी" मागे. आमच्यापैकी कोणी असले की क्षणभर थांबे, जीभ टाळूला लावी आणि म्हणे, "पाणी."